आमच्या कॉम्प्लेक्समधला रस्ता नक्की कोणाच्या नावावर आहे?

चाफेकळी | ४ जून

नमस्कार मंडळी. विषय थोडा लांबलचक आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं कॉम्प्लेक्स पुण्याच्या पूर्वेला आहे. २०२१ साली जी २३ गावं महापालिकेत आली, त्यातल्या एका गावात. सात इमारती, ४२० घरं, चार सोसायट्या आणि त्यांचं एक फेडरेशन. यंदा फेडरेशनची सचिव मी आहे. मधून जाणारा रस्ता २८० मीटर लांब आणि मंजूर नकाशात १२ मीटर रुंद. पुढच्या गेटपासून निघतो तो थेट मागच्या भिंतीपर्यंत. भिंतीत एक छोटं गेट आहे. पलीकडे जुनी वस्ती आणि प्राथमिक शाळा.

या एकाच रस्त्यावरून आमच्याकडे दोन भांडणं चालू आहेत.

पहिलं मागच्या गेटचं. वस्तीतली माणसं, घरकामाला येणाऱ्या बायका, बस पकडणारी कॉलेजची मुलं वर्षानुवर्षं याच रस्त्याने हमरस्त्याला जातात. जानेवारीत दोन सायकली चोरीला गेल्या आणि तेव्हापासून बरेच सभासद म्हणतात, गेट विटांनी बुजवून टाका, रस्ता आपला खासगी आहे, मेंटेनन्स आपण भरतो.

दुसरं डांबराचं. रस्त्याची चाळण झाली आहे. ठेकेदाराने पूर्ण रस्ता नव्याने करायला २१ लाख सांगितले, म्हणजे घरटी ५००० रुपये. हा आकडा ऐकल्यावर तेच सभासद म्हणाले, आपण मिळकतकर भरतो, रस्ता पालिकेने करून द्यावा. मी क्षेत्रीय कार्यालयात तीन वेळा गेले. तिथे उत्तर एकच, रस्ता आमच्या ताब्यात आलेला नाही. बिल्डर म्हणतो, प्रकल्प पूर्ण झाला, आता आमचा संबंध नाही.

सभेत मी विचारलं की गेट बंद करताना रस्ता आपला आणि डांबर टाकताना पालिकेचा, हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? कोणाकडेच उत्तर नव्हतं. विषय पुढच्या सभेवर ढकलला.

माझं मत लपवत नाही. मार्चमध्ये आठ दिवस प्रयोग म्हणून गेट बंद ठेवलं होतं. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई त्या आठ दिवसांत हमरस्त्याच्या कडेने, ट्रकांच्या शेजारून, दोन किलोमीटरचा वळसा घालून आल्या. बरोबर दुसरीतली लेक. स्वतःहून त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी लेकीच्या चपलांना चिखल दिसला म्हणून मी विचारलं, तेव्हा कळलं. तो रस्ता बंद व्हावा असं मला मनापासून वाटत नाही. पण माझ्या वाटण्यावर फेडरेशन चालणार नाही. कायद्याने काय आहे ते हवं आहे.

निवृत्त_अभियंता | ४ जून

ताई, प्रश्न बरोबर जागी विचारलात. नगररचना विभागात माझी बरीच वर्षं गेली. बहुतेक सोसायट्या हा प्रश्न न विचारताच भांडतात.

बाहेरून बघताना सगळे रस्ते सारखेच दिसतात, पण कागदावर ते निरनिराळे असतात. विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता तुमच्या जमिनीतून जात असेल, तर ती जागा बिल्डरने टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क) किंवा एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं ते) घेऊन पालिकेला देणं अपेक्षित असतं. दिली की सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर पालिकेचं नाव लागतं आणि त्यावर गेट ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. इमारतीच्या भोवतीचं सामासिक अंतर, म्हणजे मोकळी सोडलेली जागा, आणि पार्किंगकडे उतरणारा ड्राइव्हवे हा दुसऱ्या टोकाचा प्रकार, तो पूर्णपणे तुमचा. खरा घोळ या दोघांच्या मधला आहे, आणि तुमचा रस्ता बहुधा तिथेच बसतो. मंजूर रेखांकनातला, म्हणजे लेआउटमधला, अंतर्गत रस्ता.

अंतर्गत रस्त्याची रुंदी लांबीवर ठरते. आजच्या नियमावलीत, म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या यूडीसीपीआरमध्ये (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली), निवासी रेखांकनात १५० मीटरपर्यंत ९ मीटर, ३०० मीटरपर्यंत १२ आणि त्यापुढे १५ मीटर. तुमचे २८० आणि १२ त्यात बसतात.

आता महत्त्वाचं. याच नियमावलीत तरतूद आहे की नियोजन प्राधिकरणाने मागणी केली, की अंतर्गत रस्ते विकसित करून नाममात्र १ रुपयाला प्राधिकरणाकडे हस्तांतरित करायचे. जुन्या नियमावल्यांतही अशा अटी असायच्या. मोबदला मिळत नाही, कारण एफएसआय मोजताना अंतर्गत रस्त्याचं क्षेत्र वजा केलेलं नसतं. त्या रस्त्याखालच्या जमिनीचं बांधकाम तुमच्या सात इमारतींमध्ये आधीच वापरलेलं असतं.

तेव्हा आधी तीन कागद मिळवा. मंजूर रेखांकन आणि त्यासोबतचं अटींचं पत्र, भूमी अभिलेखची मोजणीची क प्रत (हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा), आणि ताजा सातबारा. गाव पालिकेत येण्याआधीची मंजुरी असेल तर ती पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाची असेल, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज दोन्हीकडे टाका. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत.

सायकलवाला | ४ जून

१२ मीटर नकाशात आहेत. जागेवर किती आहेत? रात्री दहानंतर टेप घेऊन मोजा एकदा.

दोन_मुलींची_आई | ५ जून

चाफेकळीताई, तुमच्या स्वयंपाकाच्या ताईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही लिहिते, कारण माझ्या सोसायटीत गेट बंद करा म्हणणाऱ्यांत मी होते.

आम्ही आधी भर वस्तीत, रस्त्याला लागून राहत होतो. मुलींना दारात उभं करायची भीती वाटायची. वीस वर्षांचं कर्ज काढून या घरात आलो ते एकाच कारणासाठी, की संध्याकाळी त्या खाली जाऊन खेळतील आणि मला गॅलरीतून सारखं डोकवावं लागणार नाही. मागचं गेट उघडं राहिलं आणि हमरस्त्याचा सिग्नल चुकवायला मोटरसायकली आतून जाऊ लागल्या. सुसाट. धाकटीच्या पायावरून चाक जाता जाता राहिलं. त्या दिवशी मी सहीमोहिमेत सही केली.

चालत जाणाऱ्या माणसांची मला कधीच अडचण नव्हती. सभेत मात्र दोनच पर्याय ठेवले गेले, उघडं किंवा बंद. मी बंदला मत दिलं. आजही त्याचं पूर्ण समाधान नाही.

सायकलवाला | ५ जून

तुमची सही समजू शकतो. अडवायचं आहे इंजिनाला. नुसते लोखंडी खुंट रोवून ते होत नाही. चाकाची खुर्ची जाईल एवढी फट ठेवली की दुचाकीही जाते. एकाआड एक दोन कठडे लावायचे, वळून आत यावं लागेल असे. माणूस, बाबागाडी, हातात धरलेली सायकल येते. मोटरसायकल अडखळते, आणि मग कोणी रोज तो खटाटोप करत नाही.

आणि कृपा करून ते काळेपिवळे रबरी गतिरोधक टाकू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ताशी २५ किलोमीटरसाठीचा गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे. तो चढून उतरताना गाडी आपोआप हळू होते. रबरी पट्टीने फक्त पाठीचे मणके दुखतात, आणि मुलं तिला चुकवायला अगदी कडेने, माणसं चालतात तिथून गाडी काढतात.

पाणंद | ६ जून

मी गावाकडचा. म्हणजे आता गाव राहिलं नाही, पण आमची जमीन ज्या कॉम्प्लेक्सखाली गेली त्याच्या भिंतीला लागून आमचं घर आहे.

तुम्ही ज्याला मागचं गेट म्हणता, ते बऱ्याच ठिकाणी आमच्या वाटेचं तोंड असतं. भिंत नंतर आली. आमच्याकडे ओढ्यापासून देवळापर्यंत गाडीवाट होती. आजोबा त्या वाटेने बैलगाडी न्यायचे. विक्रीच्या वेळी वडिलांनी विचारलं होतं, वाटेचं काय? तोंडी सांगितलं गेलं, वाट राहील. कागदावर आलं नाही. बांधकाम सुरू झालं आणि एका सकाळी पत्रे ठोकले. आई देवळात जायची ती थांबली, कारण वळसा तिला झेपत नव्हता. ती गेली तेव्हा तिरडीसुद्धा वळशाने न्यावी लागली. त्या सोसायटीतली माणसं वाईट नाहीत. त्यांना इथे वाट होती हेच माहीत नव्हतं.

ताई, गावनकाशा काढा. तुमच्या गट नंबरातून तुटक दुबार रेषा गेली असेल तर ती गाडीवाट. एकेरी तुटक असेल तर पायवाट. बिल्डरच्या नकाशात ती दिसणार नाही, गावनकाशात दिसते.

वकीलीण | ६ जून

पाणंद दादा, तुमच्या आईंबद्दल वाचलं. फार वेळ पुढचं लिहायला सुचलं नाही.

तुमच्या मुद्द्याला कायद्याची जोड देते. भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम १५ मध्ये, एखादी वाट शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून, खंड न पडता २० वर्षं वापरली असेल तर वहिवाटीचा हक्क मिळतो. तो दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो. शेतीकडे जाणारी वाट अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. लोक समजुतीच्या गोष्टी करत बसतात आणि मुदत निघून जाते.

चाफेकळी, आता तुमच्याकडे वळते. अभिहस्तांतरण झालंय का? म्हणजे जमीन सोसायट्यांच्या किंवा फेडरेशनच्या नावावर झाली आहे का? झाली नसेल तर सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालक किंवा बिल्डर असणार. मग "रस्ता आमचा खासगी" हे वाक्य फेडरेशनला म्हणताच येत नाही. बिल्डर करून देत नसेल तर मोफा, म्हणजे १९६३ च्या सदनिका कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा, अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो. गेटची वीट रचण्याआधी हे करा.

आणखी एक, जे सभेत मोठ्याने वाचून दाखवा. "आतला रस्ता खासगी, इथे वाहनकायदा नाही" असं समजून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हातात स्कूटर दिल्या जातात. मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या "जनतेला जाण्याचा हक्क आहे अशी जागा" अशी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ साली विम्याच्या प्रकरणात असा अर्थ लावला की जागा खासगी मालकीची असली, आणि प्रवेश खुला असो की नियंत्रित, लोक तिथे येत-जात असतील तर विम्याच्या तरतुदींसाठी ती सार्वजनिक जागाच. गेटवर रजिस्टर ठेवल्याने अपघाताची जबाबदारी टळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९-अ तर पालकांना किंवा वाहनमालकाला थेट धरतं. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ परवानासुद्धा नाही.

खिडकीतून | ७ जून

माझा धाकटा भाऊ घरपोच सामान देण्याचं काम करतो. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये गाडी गेटबाहेर लावायला सांगतात. आत सात-आठशे मीटर चालायचं, पाठीवर पेटी, परत तेवढंच. एका फेरीला पंधरा-वीस मिनिटं. त्या वेळेचे पैसे त्याला कोणी देत नाही. बाहेर लावलेल्या गाडीवर टोइंगची भीती वेगळीच.

रहिवाशांच्या गाड्या मात्र आत सर्रास ४०च्या वर जातात. वेगमर्यादा लावायची तर सगळ्यांना लावा. एवढंच म्हणणं आहे.

चाफेकळी | ८ जून

सगळ्यांचे आभार. काल रात्री साडेदहाला मी, आमचे खजिनदार आणि वॉचमन काका टेप घेऊन फिरलो. नकाशात १२ मीटर, त्यात दोन्ही बाजूंचे पदपथ धरलेले. नुसता डांबरी भाग साडेसहा मीटर. तीन नंबरच्या इमारतीसमोर दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या असताना मधे मोकळी जागा ३ मीटर १० सेंटिमीटर. तिथून सात नंबरपर्यंत अशीच परिस्थिती. आणि पुढच्या गेटवर शोभेची कमान आहे, तिची उंची ४ मीटर २० भरली.

निवृत्त_अभियंता | ८ जून

ताई, आता मला तुमच्या डांबरापेक्षा या आकड्यांची काळजी वाटते. राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतींसाठी अग्निशमनाचा बंब येईल असं मुख्य प्रवेशद्वार किमान ६ मीटर रुंद असावं, आणि कमान असेल तर तिची उंची किमान ५ मीटर. इमारतीभोवतीचा मार्ग ४५ टन वजन पेलेल असा, वळणाची त्रिज्या ९ मीटर. शिडीची गाडी तुमच्या कमानीखालून जाईल का, हे आजच्या आज अग्निशमन केंद्राला पत्र लिहून विचारा. ३ मीटर १० मध्ये ती कदाचित शिरेलही, पण पाय पसरून स्थिर उभी राहायला जागा मिळणार नाही.

वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याखाली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा जो ब नमुना भरून देता, त्यात पंप आणि नळ तपासतात. लागलेल्या गाड्या कोणी मोजत नाही.

दोन_मुलींची_आई | ८ जून

हे वाचून उठले आणि आमची कमान बघून आले. उद्या मोजणार.

एडिसनकर | ९ जून

न्यू जर्सीतून लिहितोय. आमची वसाहत टाउनहाउसची, रस्ते असोसिएशनचे. इथे "खासगी रस्ता" म्हणजे काय हे पहिल्या हिमवादळात कळतं. बर्फ काढणारा ठेकेदार असोसिएशनचा. पण या राज्यात कायदा आहे की पात्र खासगी वसाहतींसाठी बर्फ काढणं, रस्त्यावरचे दिवे आणि कचरा उचलणं या सेवा पालिकेने द्याव्यात किंवा तेवढा खर्च परत करावा, कारण मालमत्ताकर आम्हीही भरतो. डांबरीकरण त्यात येत नाही. दोन वर्षांपूर्वी रस्ता नव्याने करताना आम्हाला घरामागे २,८०० डॉलर एकदम भरावे लागले. आधीच्या समितीने राखीव निधी जवळजवळ शून्यावर आणला होता, मासिक वर्गणी कमी दिसावी म्हणून. २०२४ पासून या राज्यात असा निधी किती लागेल याचा तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेणं बंधनकारक झालं आहे. आमच्यासाठी उशिराच.

अतिवेगाबद्दलही लिहितो. आमच्या रस्त्यावर पोलीस सहसा तिकीट देत नव्हते. असोसिएशनने पालिकेकडे अर्ज केला की वाहतूक कायद्याचं टायटल ३९ आमच्या रस्त्यांना लागू करा. ते झालं आणि पाट्या लागल्यावर फरक पडला. मालकी आपल्याकडे ठेवून कायदा मात्र सरकारचा, अशी व्यवस्था तिकडे करता येईल का?

वकीलीण | ९ जून

तशी अर्जाची सोय आपल्याकडे माझ्या पाहण्यात नाही. पण अपघात झाला तर गुन्हा आतही दाखल होतोच. निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाला इजा करणं हा फौजदारी गुन्हा आहे, तिथे रस्ता कोणाचा हे विचारत नाहीत.

बंगळूरकर_जोशी | १० जून

आमच्याकडे कर्नाटकात लेआउट मंजूर होतानाच रस्ते आणि बागा स्थानिक संस्थेला सोडून देण्याचं कागदपत्र, रिलिंक्विशमेंट डीड, करून घेतात. तरी कॉलनीवाले कमान आणि गेट उभारतातच. कर्नाटक उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की असे सोडून दिलेले रस्ते सार्वजनिक असतात, गेटेड कम्युनिटी म्हणवून बाहेरच्यांना अडवता येत नाही. आमच्या कॉलनीत आता सुरक्षारक्षक आहे, पण तो कोणाला थांबवत नाही.

चाफेकळी | १२ जुलै

महिनाभर गप्प होते, कारण हातात कागद नव्हते. आता आलेत.

मंजुरी पीएमआरडीएची, गाव पालिकेत यायच्या आधीची. रेखांकन उलगडलं आणि मी खाली बसून पाहत राहिले. आमचा रस्ता भिंतीशी संपतच नाही. तो हद्दीपर्यंत पूर्ण १२ मीटर रुंदीने दाखवला आहे आणि पुढे शेजारच्या जमिनीतल्या रस्त्याला जोडायचा असं लिहिलं आहे. अटींच्या पत्रात दोन ओळी आहेत. अंतर्गत रस्ते मागणी होईल तेव्हा हस्तांतरित करावेत, आणि शेजारच्या भूखंडांना त्यावरून प्रवेश नाकारू नये. म्हणजे ती आडवी भिंतच मंजूर नकाशात नाही. पाणंद दादा, गावनकाशाही काढला. ओढ्याच्या बाजूने तुटक दुबार रेषा आहे, आमच्या सहा नंबरच्या इमारतीच्या कोपऱ्यावरून जाणारी.

सातबाऱ्यावर अजून मूळ मालकांचीच नावं. अभिहस्तांतरण झालेलं नाही.

रविवारी विशेष सभा घेतली. १३० जण आले, एवढे आमच्याकडे कधी येत नाहीत. वकीलीणबाईंचा परिच्छेद वाचून दाखवला. कलम १९९-अ वाचल्यावर मागच्या रांगेतले दोन वडील उठून मुलांना फोन करायला बाहेर गेले. मग ठरलं ते असं. मागच्या गेटला सायकलवाल्यांनी सांगितलेले कठडे, पायी ये-जा पहाटे साडेपाच ते रात्री अकरा. नंतरही कोणी आजारी माणूस घेऊन आलं तर वॉचमनने उघडायचं, किल्ली त्याच्याच कमरेला. तीन ते सात नंबरसमोर एकाच बाजूला पार्किंग. त्यामुळे ३४ गाड्यांना दुसरी जागा शोधावी लागते आहे आणि खूप नाराजी आहे, माझ्यावरही. कमान पाडण्याचं काम ऑगस्टमध्ये. घरकामाला येणाऱ्यांना आणि सामान देणाऱ्यांना इमारतीच्या दारापर्यंत गाडी नेऊ द्यायची. रहिवाशांसाठी आणि त्यांच्यासाठी वेग एकच, ताशी १५.

हस्तांतरणावर मात्र मतं दुभंगली. मतदान ६८ विरुद्ध ६२, पालिकेला रस्ता देऊ करायच्या बाजूने. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. रस्ता पालिकेचा झाला की उद्या पार्किंग आमच्या हातात नाही, कोणी टपरी टाकली तर हटवायला पालिकेचे उंबरे झिजवायचे, आणि डांबर तरी वेळेवर होईल याची खात्री कोण देणार?

निवृत्त_अभियंता | १२ जुलै

त्यांची भीती खरी आहे. पालिका रस्ता तसाच ताब्यात घेत नाही, आधी तो चांगल्या स्थितीत मागते. म्हणजे २१ लाखांतला बराच भाग बिल्डरकडून काढावा लागेल. त्याला अटींच्या पत्रावर बोट ठेवून दाखवा. रस्ता विकसित करून देणं ही त्याची जबाबदारी लिहिलेली आहे. नोटीस वकिलांकडूनच द्या आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत जोडा.

पाणंद | १३ जुलै

ताई, त्या रेषेची प्रत इथे टाकाल का? आमच्या गावाची नाही, माहीत आहे. तरी बघायची आहे.

चाफेकळी | १३ जुलै

दादा, संध्याकाळी टाकते. भूमी अभिलेखच्या मोजणीची तारीख २६ मिळाली आहे. पावसाळी गटार रस्त्याच्या हद्दीत आहे की इमारतींच्या, ते त्या दिवशी कळेल.

निवृत्त_अभियंता | १३ जुलै

२६ला सकाळी मी येतो. मी तुमच्यापासून दोन गावं अलीकडेच राहतो. मोजणीदार खुणा करतील त्या तिथल्या तिथे सिमेंटच्या दगडांनी पक्क्या करून घ्यायच्या, चुना दोन पावसांत धुऊन जातो. आठ दगड आणि एक घमेलं तयार ठेवा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.